कृष्णविवराचा फोटो जगभर गाजला, पण त्यामागच्या सॉफ्टवेअरला निधी का नाकारला गेला?

10 एप्रिल 2019. काळ्या पार्श्वभूमीवरचं केशरी कडं तुमच्याही टाइमलाइनवर आलं असेल. एम87 आकाशगंगेतल्या कृष्णविवराची ती प्रतिमा, म्हणजे जगाने पाहिलेला कृष्णविवराचा पहिला फोटो. दुर्बिणींच्या प्रचंड डेटातून तो साकारताना नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब ही मोफत सॉफ्टवेअर्स वापरली गेली.

त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने याच सॉफ्टवेअर्ससाठीचा निधीचा अर्ज फेटाळला. कारण काय? तर त्यांचा पुरेसा प्रभाव नाही!

असं का होतं?

संशोधनाचा निधी बहुतेकदा नव्या कल्पनेला आणि ठरावीक वर्षांसाठी मिळतो. सॉफ्टवेअरचं काम मात्र संपत नाही. चुका दुरुस्त करायच्या, नव्या कॉम्प्युटरवर ते चालतं ठेवायचं. यातून शोधनिबंध निघत नाही, त्यामुळे करिअरमध्येही फारसा फायदा नाही. नमपायची 1.0 आवृत्ती 2006 मध्ये आली. पण पहिला मोठा थेट निधी मिळायला 2017 उजाडलं. तोवर मदार मुख्यतः स्वयंसेवकांवर होती.

दुर्लक्ष केलं तर काय बिघडतं?

2019 मध्येच हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना रसायनशास्त्रातल्या एका प्रोग्राममध्ये चूक सापडली. डेटा तोच, प्रोग्राम तोच, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलायचं! फाइल्स कोणत्या क्रमाने वाचल्या जातात, एवढ्यावर निकाल फिरत होता. हा प्रोग्राम वापरणाऱ्या शंभरहून अधिक शोधनिबंधांवर त्यामुळे शंका आली.

काही बदललं का?

थोडंफार. चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्हने 2019 पासून अशा सॉफ्टवेअर्सच्या देखभालीसाठी निधी द्यायला सुरुवात केली. मॅटप्लॉटलिब आणि नमपायलाही तो मिळाला. ब्रिटनमध्ये 2012 पासून 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनीअर' अशी वेगळी ओळख रुजू लागली.

आणि भारतात?

आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प केंद्र सरकारच्या मदतीने मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. राष्ट्रीय संशोधन फाउंडेशनसाठी 2023 ते 2028 या पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचा अंदाजित खर्च मांडला गेला. खरा प्रश्न या पैशांच्या वाटपाचा आहे. प्रयोगशाळेत महागडं यंत्र आलं की देखभालीचा करारही होतो. मग ज्या सॉफ्टवेअरवर निष्कर्ष उभे राहतात, त्याच्या देखभालीसाठी बजेटमध्ये एक ओळ का नसावी?