मागच्या काचेवरच्या तांबूस रेघा

गाडीच्या मागच्या काचेवर कुणी स्टीलचं ब्लेड चालवताना दिसलं, की मला त्याचा हात तिथल्या तिथे धरावासा वाटतो. या आठवड्यात तो धरता आला नाही, कारण मला कळेपर्यंत काम उरकलेलं होतं. भाच्याने नाशिकहून एक वापरलेली गाडी घेतली. इंजिन ठणठणीत, सीट जपलेल्या, टायरही अजून वर्षभर जातील असे. फक्त मागच्या काचेवर जुनी काळी फिल्म होती आणि ती आता काळीही राहिली नव्हती. ऊन खाऊन जांभळी पडलेली, मधोमध फुगे आलेले, कडेने सुटून वर वळलेली. ती काढून घ्यायला भाचा एका दुकानात गेला. तिथल्या मुलाने कोपरा पकडून फिल्म खसकन ओढली. वरचं प्लास्टिक फाटत फाटत हातात आलं, खालचा गोंद काचेवर तसाच राहिला. मग त्याने ब्लेड काढलं आणि घेतली काच खरवडायला. काच लख्ख झाली. ‘मामा, बघा, नव्यासारखी झाली की नाही?’ भाच्याने डिकी उघडून मला दाखवलं.

मी काचेच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. मागच्या काचेवर आडव्या तांबूस रेघा असतात, त्या नखाला जेमतेम जाणवतात. वरच्या दोन शाबूत होत्या. तिसरी मधेच नखभर तुटलेली. चौथी दोन ठिकाणी. त्याखालची तर वीतभर गायबच, काचेवर नुसता तिचा पुसट माग. भाच्याला वाटत होतं, ती कंपनीची नक्षी आहे. ज्याने ब्लेड चालवलं त्यालाही बहुधा तसंच वाटलं असावं. माझा राग आहे तो यावर. रोज गाड्यांच्या काचांवर काम करणाऱ्याला त्या रेघा कशासाठी आहेत हे माहीत नसावं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटू नये?

त्या रेघा म्हणजे डिफॉगर. चांदी मिसळलेला लेप काचेच्या आतल्या अंगाला छापतात आणि काच भट्टीत तापवताना तो पक्का बसवतात. दोन्ही कडांना दोन उभ्या पट्ट्या असतात, त्यांतून बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह प्रत्येक रेघेत जातो, रेघ तापते आणि काचेवर धरलेली वाफ उडून जाते. प्रत्येक रेघेची वाट वेगळी, त्यामुळे एक तुटली तर तेवढाच पट्टा धुरकट राहतो. कडेच्या उभ्या पट्टीचा जोड निघाला, तर मात्र सगळंच बंद. आता गोम अशी की फिल्मही आतूनच लावतात, म्हणजे गोंद थेट या रेघांवरच बसलेला असतो. बाहेरच्या अंगाला लागलेला डांबराचा ठिपका पट्टीने खरवडला तर फार बिघडत नाही. आतून ब्लेड लावलं, की गोंदाबरोबर चांदीही निघते. काही गाड्यांत रेडिओची अँटेनासुद्धा याच काचेवर छापलेली असते, तीही जाते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि ४ मेपासून काचांवर वरून फिल्म चिकटवायला देशभर बंदी आली. पुढे २०२१ पासून नियमांत प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा-काचेला जागा मिळाली, पण ७० आणि ५० हे आकडे हलले नाहीत. २०१२ च्या त्या बंदीनंतर पोलिसांनी चौकाचौकांत गाड्या थांबवून फिल्म उतरवल्या. बाजूच्या काचा साफ झाल्या, पण मागच्या काचेवरची फिल्म कितीतरी जुन्या गाड्यांवर राहून गेली आणि आज ती मालक बदलत बदलत आपल्याकडे येते आहे.

जुना गोंद निघत नाही असं नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, एवढंच. मागची काच तिरकी असते, ऊन तिच्यावर दिवसभर पडतं, म्हणून तिथला गोंद सर्वांत कडक झालेला असतो. त्याला आधी ऊब द्यायची. उन्हाळ्यात गाडी उन्हात उभी केली तरी पुरे. इगतपुरीत पावसाळ्यात ऊन कुठलं? मग बाहेरून हेअर ड्रायर फिरवायचा, किंवा कपड्यांना वाफ द्यायचं यंत्र कुणाकडे असेल तर तेही चालतं. उकळतं पाणी गार काचेवर ओतायचं नाही. काच कोमट झाली की एक कोपरा नखाने सोडवायचा आणि फिल्म काचेला जवळजवळ समांतर धरून सावकाश, अगदी सावकाश ओढायची. घाई केली तर फिल्म फाटते, गोंद मागे राहतो आणि आधीच उचकटलेली रेघ असेल तर तीही सोबत येऊ शकते.

मागे राहिलेल्या गोंदावर साबणाचं कोमट पाणी फवारायचं, वर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा म्हणजे पाणी वाळत नाही, आणि मग चहा घ्यायला जायचं. खरंच जायचं, तिथे उभं राहून बोटाने टोकरत बसायचं नाही. परत आल्यावर गोंद पांढुरका, मऊ झालेला दिसतो. तो जुन्या एटीएम कार्डाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा, रेघांच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे. रेघांवरून वर-खाली हात फिरवायचा नाही. शेवटचा चिवट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्याने निघतो, मात्र चारही दरवाजे उघडे ठेवून. पेट्रोल नको, थिनर नको. थिनरने आतलं प्लास्टिक आणि रंग खराब होतो, आणि बंद गाडीत पेट्रोलचं फडकं घेऊन बसणं म्हणजे जिवाशी खेळ. अमोनियाचा उपाय बरेच जण सांगतात. त्याने गोंद सुटतो हे खरं, पण गाडीच्या बंद पोटात तो वास डोळ्यांना आणि छातीला सोसत नाही. साबणाच्या पाण्याने थोडा वेळ जास्त लागतो, पण त्यात कुणाला अपाय नाही.

या सगळ्याला अर्धा दिवस जातो. ब्लेडने तासाभरात होतं. गिऱ्हाईक ताटकळत उभं असतं, दुकानदाराला पुढची गाडी दिसत असते, आणि काच वरवर पाहता दोन्हीकडे सारखीच लख्ख होते. फरक कळतो तो पहिल्या पावसात. मे महिन्यात ब्लेड चालवणाऱ्याला जुलैत कुणी जाब विचारायला जात नाही, म्हणून ही पद्धत चालू राहते.

आणि पाऊस म्हटला की मी धुक्यावर येणार, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. दर पावसाळ्यात मी आमच्या कसारा घाटातल्या धुक्याबद्दल लिहितो आणि कुणीतरी म्हणतं, ‘पुन्हा धुकंच का?’ धुकं पुन्हा येतं म्हणून. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. घाटनदेवीच्या मंदिरापाशी ढग रस्त्यावर उतरलेला असतो. बाहेर पावसाने काच गार पडलेली, आत चार माणसांचा श्वास, निथळत्या छत्र्या, भिजलेले कपडे. आतली दमट हवा गार काचेला टेकली, की तिथल्या तिथे पाणी धरते. पुढची काच एसीच्या झोतावर मोकळी होते. बाजूची काच माणूस हाताने पुसतो. मागच्या काचेपर्यंत ना झोत पोचतो ना हात. मागचा वायपर बाहेरून फिरतो, वाफ आत असते. तिथे या तांबूस रेघांशिवाय कुणी वाली नाही.

आता समृद्धी महामार्ग झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आठेक किलोमीटरच्या जोडबोगद्यातून सह्याद्री काही मिनिटांत मागे पडतो. मुंबईला थेट जाणाऱ्याला घाट चुकवता येतो. पण कसाऱ्याला लोकल पकडायला जाणाऱ्याला, खर्डीला लेकीकडे निघालेल्याला, घोटीच्या बाजारातून माल भरून उतरणाऱ्याला घाट चुकत नाही. दुचाकीवाल्यांना तर समृद्धीवर प्रवेशच नाही, ते सगळे घाटातच. आणि हीच माणसं घाटात आपल्या मागे असतात.

मला आज खरं तर या मागच्या माणसाबद्दलच बोलायचं आहे. आपण मागच्या काचेचा विचार करतो तो आरशात आपल्याला काय दिसतं एवढाच. पण घाटातल्या जुन्या चालकांना विचारा. धुक्यात ते पुढच्या गाडीकडे बघतात तसे पुढच्या गाडीच्या आरपारही बघतात. पुढच्या गाडीची मागची काच आणि पुढची काच, दोन्हीतून तिच्याही पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसतात. ते पेटले की आपला पाय ब्रेककडे जातो, मधल्या गाडीने ब्रेक दाबायच्या आधीच. घाटात तो एक क्षण फार मोलाचा असतो. ओल्या उतारावर दोन गाड्या एकमेकांवर न आदळता थांबतात त्या कितीदा तरी याच्याच जोरावर. मधल्या गाडीची काच काळी, गोंदाने माखलेली किंवा वाफेने भरलेली असेल, तर मागच्याला समोर नुसती भिंत दिसते. शिवाय बऱ्याच गाड्यांचा तिसरा ब्रेकलाइट काचेच्या आतच, वरच्या बाजूला असतो. त्याच्यासमोर फिल्म आली की तोही मिणमिणता होतो. म्हणजे काच तुमच्या गाडीची असली, तरी तिच्यातून बघणारा दुसराच असतो, आणि तो तुम्हाला ओळखतही नाही.

इगतपुरीला तरी हे नवीन नसावं. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजे याच कसारा घाटातून, आगगाडी वर चढली तेव्हापासून इथे मागच्या बाजूला मान आहे. सदतिसास एक असा चढ, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं जोडतात आणि ती मागून रेटत गाडी इगतपुरीला आणतात. इथे सोडवली की परत खाली जातात. इगतपुरीतल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी त्या इंजिनांवर किंवा त्यांच्या देखभालीवर आयुष्य घालवलेलं आहे. गाडीच्या मागे कोण आहे, याचं भान अशा गावाने तरी सोडू नये.

पण मी सध्या पाहतो ते उलटच. फिल्म काढून झाली, काच मोकळी झाली, की दुकानातला पुढचा प्रश्न ठरलेला, ‘आता काय लावायचं?’ मग काचेवर आडनाव येतं, आई-वडिलांचा आशीर्वाद येतो, महाराजांची प्रतिमा येते, देवाचं नाव येतं. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच सांगतो, त्यांची जागा मागच्या काचेवर नाही. महाराजांची प्रतिमा गाडीत ठेवायची तर डॅशबोर्डवर ठेवावी, आशीर्वाद किल्लीला अडकवावा. काचेभर लावलेलं स्टिकर फिल्मचंच काम करतं, आणि काही वर्षांनी तेही सोलताना पुन्हा गोंद, पुन्हा ब्लेड. घोटी-इगतपुरी-कसारा भागात प्रवासी जीप चालवणाऱ्या मंडळींना माझी विशेष विनंती आहे. तुमच्या मागच्या बाकावर शाळेची पोरं असतात. त्यांच्या पाठीमागची काच कोरी ठेवा.

भाच्याच्या काचेचं काम बरंचसं निभावलं. किटलीतल्या पाण्याची वाफ काचेवर आतून धरू दिली, गाडी चालू करून डिफॉगरचं बटण दाबलं आणि पाहत राहिलो. शाबूत रेघांभोवती स्वच्छ पट्टे उमटत गेले, तुटलेल्यांच्या जागी वाफ तशीच. मल्टिमीटरची एक टोची गाडीच्या पत्र्याला आणि दुसरी रेघेवरून सरकवत नेली, की शाबूत रेघेवर व्होल्ट हळूहळू उतरत जातात, तुटलेल्या रेघेवर मात्र तुटीपाशी एकदम पडतात. तिथे पेन्सिलीची बारीक खूण केली. मग प्रत्येक तुटीच्या वर-खाली चिकटपट्टी लावून मधल्या फटीत चांदीचा वीजवाहक रंग ब्रशने भरला, वाळू दिला, पुन्हा एक हात दिला. तो रंग नाशिकला मिळाला. नखभर तुटी जुळल्या. वीतभर गेलेली रेघ मात्र गेलीच, तिथे यंदा पट्टा धुरकट राहणार.

तेव्हा वाचकहो, येती सुट्टी सत्कारणी लावा. सकाळी गाडीत दोन-तीन जण बसा, काचा बंद करून वाफ धरू द्या, इंजिन चालू करून मागच्या काचेचं बटण दाबा आणि कुठल्या रेघा काम करतात ते डोळ्यांनी बघा. काचेवर जुनी फिल्म असेल तर ती काढायला देताना कामगाराशी बोला, आतून ब्लेड लावणार नाही असं कबूल करून घ्या, आणि अर्धा दिवस लागेल म्हणाला तर त्या अर्ध्या दिवसाचे पैसे आनंदाने द्या. सावकाश काम करणाऱ्या त्या माणसाचा पत्ता शेजाऱ्यालाही सांगा, कारण पुढच्या आठवड्यात घाटात शेजाऱ्याची गाडी तुमच्या पुढे असू शकते.