धुराची हौस आणि धुराची सक्ती

मैत्रिणींनो, परदेशात राहणाऱ्या मुलाभाच्यांच्या तोंडी हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो – पेलेट ग्रिल. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या जाळायच्या, विजेचा पंखा वारा देतो, बटण फिरवलं की हवं तेवढं तापमान! त्यात हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, तासन्‌तास धुरावर ठेवतात. अगदी शेवटी वरून अननसाचा रस आणि साखरेचा घट्ट पाक फासतात. आधी फासला तर साखर करपते ना! पाहुणे वाहवा करतात आणि ग्रिलपाशी चिमटा घेऊन बहुधा घरातला पुरुष उभा असतो.

हौसेला माझी ना नाही. पण धूर, आंबट आणि गोड यांचं हे गणित आपल्या बायकांना कधीपासून येतं! त्याला कुणी कला म्हटलं का?

मी वरळीच्या बीडीडी चाळीतली. 1920च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या या इमारती. खोली 160 चौरस फुटांची, मधून लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. शेगडीच्या निखाऱ्यावर सुके बोंबील भाजले की आज कुणाकडे काय शिजतंय ते अख्ख्या मजल्याला कळायचं. मग भाजलेले बोंबील ठेचून कांदा, मिरची, आमसूल आणि चवीपुरता गूळ. गूळ शेवटीच घालायचा, हे कुठल्या पुस्तकात वाचून शिकलो नाही आपण.

याच हातांनी गिरणगाव जगवला. गावी कुटुंब ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना बायकांनी आपल्या खोलीतच खानावळ घालून जेवू घातलं. या कष्टाला काम म्हणावं म्हणून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर सावकाराचं व्याज होतंच, आणि धूरही!

त्या धुराचे गोडवे मात्र मी गाणार नाही. चुलीवरचं जेवण किती चविष्ट, असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, फुंकणी कुणाच्या हातात होती हो? डोळे कुणाचे चुरचुरले, रात्रभर खोकलं कोण? हौसेचा धूर थोडा वेळ असतो आणि नको असेल तेव्हा बाजूला होता येतं. सक्तीचा धूर रोज दोन वेळा छातीत जातो. 2016मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघरी पोचला. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसतील तर बाई परत चुलीपाशीच येते. तिथे घरच्यांनी हिशेब मांडायला हवा, तिच्या फुप्फुसाचा!

ऑगस्ट 2025मध्ये वरळीत 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदच आहे. पण नव्या घरात जुनी शेगडी पेटवू नका, बरं का. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; खिडक्या बंद असतील तर जीवावर बेतू शकतं. चवच हवी ना? मग एक छोटा निखारा वाटीत घ्या, वाटी भाजीच्या किंवा मटणाच्या पातेल्यात ठेवा, वर चमचाभर तूप सोडा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर निखाऱ्यावर पाणी ओता. झाली धुरी!

आणि हो, ही धुरी एखाद्या रविवारी घरातल्या पुरुषांना देऊ द्या. वाहवा जरूर करा. फक्त त्याआधी, रोज दोन वेळा कोण रांधतं, तेही त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.