आवाज गेला कुठे?

मैत्रिणींनो, मुलांचा ऑनलाइन तास सुरू झालाय, पडद्यावर बाई दिसताहेत, पण संगणक गप्प! आमच्या रिसोडात काय किंवा तुमच्या गावात काय, अशा वेळी लगेच नव्या स्पीकरची भाषा सुरू होते. जरा थांबा. पुष्कळदा स्पीकर धडधाकट असतो. आवाज भलत्याच ठिकाणी जात असतो.

एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे नवा मॉनिटर जोडला की संगणक कधीकधी त्यालाच आवाज पाठवू लागतो, मग मॉनिटरला स्पीकर असो वा नसो.

आधी स्पीकरचे बटण आणि संगणकाच्या मागे हिरव्या खाचेतली पिन पाहा. मग पडद्याच्या खाली उजवीकडे असलेल्या कर्ण्याच्या चित्रावर क्लिक करा. विंडोज ११ मध्ये आवाजाच्या पट्टीशेजारी, तर विंडोज १० मध्ये पट्टीच्या वर बाण दिसेल. तो दाबला की यादी उघडते. तिथे मॉनिटरचे नाव निवडलेले असेल, तर त्याऐवजी ‘स्पीकर्स’ निवडा.

तरीही गप्प? व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये स्पीकरची निवड वेगळी असते, बरं का! तीही तपासा.

एवढे झाल्यावरच दुकान गाठा. निवड चुकलेली राहिली, तर नवा स्पीकरही बोलणार नाही आणि महिन्याच्या हिशेबात उगाच खड्डा पडेल.