खापर माळावर फोडू नका

ड्रोनने माळरानाचा नकाशा करून द्यायला सांगितलं, की ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं असतं : तिथं काहीच नाही, फोटो जुळणार कसे? हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. काहीच नाही म्हणजे काय? कुसळी आहे, पवन्या आहे, उघडा मुरूम आहे, मेंढरांनी पाडलेल्या वाटा आहेत. नसते ती तुमची कष्टाची तयारी.

अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत ठळक बिंदू हुडकतं : एखादा कोपरा, कड, रंगातला एकदम बदल. तोच बिंदू शेजारच्या फोटोंत कुठे आला हे बघून फोटो कुठून काढला ते गणिताने ठरवतं आणि त्यावर नकाशा उभा राहतो. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरले. तिथे धरायला छपरं होती, विजेचे खांब होते, भिंती होत्या. गवतात एक पातं दुसऱ्यासारखंच, आणि वारा सुटला की पुढचा फोटो निघेपर्यंत ते जागेवरून हललेलं असतं. जुळणी एक तर होत नाही किंवा चुकीची होते.

पण यावरचे उपाय या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहेत. फँटम ४ प्रो हा ड्रोन ५० मीटरवरून उडवला तर एका फोटोत साधारण ७५ बाय ५० मीटर जमीन मावते. १०० मीटरवरून चौपट मावते आणि बोरीचं झुडूप, दगडांची रास, गाडीवाट असं काहीतरी हाती लागतं. पिक्सेल पावणेतीन सेंटिमीटरचा होतो, माळासाठी तो पुष्कळ झाला. तरी खाली उडवायचं, कारण कागदावर ‘हाय रिझोल्यूशन’ मिरवायचं असतं! शेजारच्या फोटोंचा एकमेकांवरचा ओव्हरलॅप पुढेमागे ८५ आणि बाजूने ८० टक्के ठेवायला हवा. बॅटऱ्या वाचवायला तो ७० वर आणतात. सकाळी वारा पडलेला असताना उडवायचं सोडून भर दुपारी उडवतात. नकाशा जागेवर बसवायला जमिनीवर फक्कीच्या मोठ्या फुल्या मारून त्यांची जीपीएसने नीट मोजणी करायची, तर तेवढी पायपीट कोण करणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळाचा असा नकाशा माझ्यासमोर आला. गाडीवाट मध्येच तुटून हातभर बाजूला पुन्हा सुरू झालेली. एकाच बाभळीला दोन शेंडे. आणि एक मोठा पट्टा गुळगुळीत, पिवळसर, कुठेही पातं ना दगड. तिथे फोटो जुळलेच नव्हते. आजूबाजूच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअरने ती जागा भरून काढली होती. खाली छापलं होतं : अचूकता ५ सेंटिमीटर. ज्या फुल्यांवर नकाशा बसवला त्याच फुल्यांवर चूक मोजायची, म्हणजे आपला पेपर आपणच तपासायचा. याला मी फसवणूकच म्हणतो.

उंचीच्या आकड्यांत तर हा गोंधळ डोळ्यांना दिसतही नाही. कॅमेरा सरळ खाली रोखून नुसत्या समांतर रांगा मारल्या आणि फुल्या कमी असल्या, की सपाट जमीन नकाशात मधोमध फुगते नाहीतर खोलगट होते. आडव्या रांगा आणि थोडे तिरके फोटो घेतले तर हे बरंच टळतं. त्या फुगवट्यावर समपातळी चरांची आखणी केली, तर पाऊस नकाशा बघून वाहणार आहे का? दुष्काळी तालुक्यात खोदाईचा खर्च वाया जातो आणि भोगतो तो खालचा शेतकरी.

माळाला ‘काही नाही’ ठरवण्याची खोड जुनीच आहे. देशाच्या २०१९ च्या वेस्टलँड ॲटलसमध्ये खुरट्या झुडपांची मोकळी जमीन आणि ऱ्हास झालेली कुरणं पडीकच धरली आहेत. ज्या गवतावर माळढोक वाढला, लांडगा, चिंकारा आणि धनगरांचे कळप जगतात, ते हिशेबात रिकामं. त्यात हा पुसट नकाशा टेबलावर आला, की खड्डे खणून झाडं लावायला नाहीतर सोलर पॅनेल अंथरायला कुणी हरकत घेत नाही.

म्हणून निविदेतच लिहा. जोडणीत न वापरलेल्या वेगळ्या बिंदूंवर चूक मोजा आणि ती नकाशावर छापा. जुळणीचा पूर्ण अहवाल आणि मूळ फोटो जमा करा. जिथे फोटो जुळले नाहीत तिथे जागा कोरी सोडा. हे हातात येईपर्यंत बिलावर सही करू नका.