अंगावरचे कापड आणि कायदा

कापडाच्या दुकानात गेलो की आपली ऐपत बघून दुकानदार ठाण उलगडतो, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. अठराव्या शतकात अमेरिका ही इंग्रजांची वसाहत होती. तिथल्या दुकानांतही ज्याच्या-त्याच्या ऐपतीचे कापड असे. श्रीमंतांच्या कोटाला इंग्लंडचे लोकरी ब्रॉडक्लॉथ, बायकांच्या झग्यांना रेशीम किंवा छापील कॅलिको. (हे कॅलिको नाव आपल्या कालिकत बंदरावरून पडले.) आणि स्वस्तातले म्हणजे ओझ्नाबर्ग. हे जवसाच्या वाखाचे जाडेभरडे कापड, आपल्या मांजरपाटाहून राठ. त्याच्या गोण्या शिवत आणि गुलामांचे शर्टही.

असा जाडाभरडा कपडा अंगाला कसा लागतो, हे पुढच्या काळातल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. ते गुलाम म्हणून जन्मले. लहानपणी जवसाचा नवा शर्ट त्यांना काट्यांसारखा टोचे. मग थोरला भाऊ जॉन तो शर्ट आधी काही दिवस स्वतः घालून मऊ करून देई. हे वाचून आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

ओझ्नाबर्ग गरीब गोरेही घालत, नाही असे नाही. पण त्यांना पैशाची अडचण होती. गुलामाला मात्र सरकार अडवत होते. साउथ कॅरोलिना वसाहतीने १७३५ मध्ये कायदा केला आणि १७४० मध्ये तो पुन्हा घातला. गुलाम आपल्या पायरीला न शोभणारे कपडे घालतात, ही तक्रार. म्हणून निग्रो क्लॉथ, ओझ्नाबर्ग, चौकडीचे लिनन अशी यादीच दिली. त्याहून भारी कापड अंगावर दिसले तर शिपायाने ते काढून घ्यावे आणि स्वतःच वापरावे! मालकाच्या थाटाचा गणवेश घालणारे नोकर तेवढे वगळले. वाचकांना इथे काय आठवेल ते आम्ही सांगायला नको.

आम्ही पडलो कारकून, त्यामुळे खातेवह्यांवर आमचा जीव. व्हर्जिनियातील जॉन हूक या दुकानदाराच्या वह्या शिल्लक आहेत. त्यांत गुलाम गिऱ्हाइकेही आहेत. कोणी कोंबड्या आणून देई, कोणी कापूस. १७७४ साली सकी नावाची एक गुलाम बाई त्या दुकानात आली. तिच्या खात्यावर जमेला कापूस आहे, आणि नावे एक आरसा व फीत.