चर्चच्या दुरुस्तीला पैसे देताय? आधी पन्हळीचं विचारा

पावसाळा तोंडावर आला की वसईपासून मडगावपर्यंत कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर एक घोषणा ऐकू येते. इमारत जुनी झाली आहे, छप्पर गळतंय, दुरुस्तीसाठी सढळ हाताने मदत करा. संध्याकाळपर्यंत धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड येतो आणि पाठोपाठ हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते.

पैसे द्यावेत, असंच माझं मत आहे. पण ते नेमके कशाला लागणार, हे विचारून द्यावेत. या प्रश्नाचं उत्तर आधी जाहीर झालं नाही, तर जमलेला पैसा इमारतीचं नुकसानही करू शकतो.

सरकार का देत नाही?

जुन्या गोव्यातली चर्च १९८६पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांची निगा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग राखतो. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चचे अवशेष आहेत, तेही याच विभागाकडे. पण किल्ल्याबाहेरच्या ज्या चर्चमध्ये रोज मिस्सा होते, लग्नं लागतात, तिला बहुतेक वेळा असं कुठलंही संरक्षण नसतं. म्हणजे पडक्या भिंतींना केंद्राचा निधी आणि नांदत्या वास्तूला क्यूआर कोड! मुंबईत १९९५पासून वारसा वास्तूंची यादी आहे. त्या यादीत नाव असलं की बदल करण्यावर बंधनं येतात, पण दुरुस्तीचं बिल मालकालाच भरावं लागतं. गोव्यात एके काळी गावकऱ्या, म्हणजे कोमुनिदाद, शेतजमिनींच्या उत्पन्नातून चर्चचा खर्च उचलायच्या. ते उत्पन्न आटलं आणि भार भाविकांच्या खिशावर आला.

भिंत ओली का राहते?

निधी जमला की पहिला मोह रंगरंगोटीचा होतो. त्यानंतर फरशी, वेदीमागे नवा संगमरवर, एलईडी दिवे. या सगळ्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो काढता येतात, देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येते. पन्हळीला पाटी कोण लावणार?

खरा शत्रू मात्र पाणी आहे. जुन्या चर्चच्या भिंती दगडाच्या किंवा जांभ्याच्या असतात आणि त्यांची जोडणी चुन्यात केलेली असते. अशी भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि नंतर हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. पाण्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागाशी साठतात, गिलावा फुगतो, पोपडे पडतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा रंगाची वेळ येते. मग पुन्हा घोषणा, पुन्हा निधी. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला काँक्रीटचं सगळं शिकवलं, चुन्याच्या वाट्याला मात्र जेमतेम काही पानं आली. त्यामुळे ‘आपल्याच धर्मग्रामातला इंजिनीअर आहे, तो बघेल’ हा भरवसा मला धोक्याचा वाटतो. जुन्या बांधकामाचा जाणकार वास्तुविशारद वेगळाच असतो. पहिले पैसे त्याच्याकडून इमारतीची तपासणी करून घेण्यात गेले, तर ते वाया गेले असं कुणी समजू नये.

गिलाव्याचं महत्त्व पटवायला गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाचं उदाहरण पुरेसं आहे. १६०५ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा बाहेरचा गिलावा पोर्तुगीज राजवटीतच, १९५०च्या दशकात काढला गेला. आज पर्यटक ज्या लालसर जांभ्याचे फोटो काढतात, तो मुळात झाकलेला होता. मऊ, सच्छिद्र जांभा पावसात झिजतो, म्हणून गिलावा परत चढवावा की नाही, हा वाद अजून चालू आहे. सुंदर दिसतं म्हणून केलेली एक दुरुस्ती सत्तर वर्षं पिच्छा सोडत नाही.

उलट उदाहरणही आहे. भायखळ्याचं १९१३चं ग्लोरिया चर्च. त्याच्या जतनकामाला २०१९मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरवण्यात आलं. शंभरी ओलांडलेली आणि रोजच्या वापरातली इमारतही नीट सावरता येते, हे मुंबईनेच दाखवून दिलं आहे.

जुनं पाडून मोठं बांधा, असंही काही जण म्हणतात. वस्ती वाढली, रविवारी लोक व्हरांड्यात उभे राहतात, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर एखादी जादा मिस्सा हाही उपाय असतो आणि त्याला परवानगीशिवाय काही लागत नाही.

क्यूआर कोडमागचे नियम

परदेशातल्या नातेवाइकांना कोड पाठवण्याआधी थांबा. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो, ती परदेशी देणगी ठरत नाही. मात्र त्याच्या सख्ख्या भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर त्याचा पैसा ‘परदेशी स्रोता’तला होतो, हातात ओसीआय कार्ड असलं तरी. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा केंद्रीय गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गोव्यात एकाच घरात दोन पासपोर्ट असणं नवीन नाही, म्हणून ही चूक सहज होऊ शकते.

करसवलतीबद्दलही गैरसमज आहेत. निव्वळ धार्मिक कामाच्या देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाचं, अथवा राज्यभर ख्याती असलेलं प्रार्थनास्थळ म्हणून केंद्राने अधिसूचित केलं असेल, तरच तिथल्या दुरुस्तीच्या देणगीवर ५० टक्के सवलत मिळते. तीही मर्यादेत आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तर. कंपन्यांच्या सीएसआर निधीचं दारही वारशाच्या बाजूनेच उघडतं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंचं जतन बसतं, धर्मप्रसार बसत नाही. त्यामुळे इमारतीचा इतिहास कागदोपत्री मांडून ठेवणं हे निधी उभारण्याचंच काम आहे.

हिशोब मागणं म्हणजे अविश्वास?

धर्मगुरूंना हिशोब कसा विचारायचा, हा संकोच आपल्याकडे मोठा आहे. पण चर्चचा स्वतःचा कायदाच भाविकांच्या बाजूने उभा आहे. १९८३च्या कॅनन लॉनुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असावीच लागते (कलम ५३७). ठरावीक कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला वापरावं लागतं (कलम १२६७) आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशोब त्यांच्यापुढे मांडावा लागतो (कलम १२८७). छपरासाठी दिलेले पैसे सणाच्या मंडपाला गेले, तर विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

माझी सूचना साधी आहे. क्यूआर कोडसोबत अंदाजपत्रकही ग्रुपवर टाका, कामाच्या क्रमाने. आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंतींभोवतीचा पाण्याचा निचरा, मग चुन्याचा गिलावा, रंग सर्वात शेवटी. दर महिन्याला जमा-खर्चाचा एक फोटो टाका. आणि काम संपल्यावर खातं बंद करू नका. ५०० कुटुंबांनी महिन्याला १०० रुपये दिले तर वर्षाला ६ लाख जमतात. दर मे महिन्यात कौलं शाकारायला, पन्हळी साफ करायला आणि भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप वेळीच काढायला त्यातूनच पैसे देता येतील.