फुगवटा खरंच कमी झाला का?

एका भगिनीने लिहिले आहे : “यजमान अडुसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी सी. टी. स्कॅनमध्ये त्यांच्या पोटातल्या महाधमनीला ४.६ सेंटिमीटरचा फुगवटा निघाला. यंदा सोनोग्राफी केली, तर ४.२ आला. ‘बरा होतोय की!’ म्हणून सिगरेट पुन्हा सुरू झाली. आता तपासणीही नको म्हणतात. काय करू?”

ताई, आनंद मानायची घाई नको. महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. ती ३ किंवा त्याहून जास्त झाली की फुगवटा म्हणतात. तो आपोआप सहसा आकसत नाही. मग हे ४ मिलिमीटर गेले कुठे? बहुधा मोजण्यात!

आपली बांगडीच घ्या ना. आतून मोजली तर एक माप, बाहेरून मोजली तर दुसरे. धमनीचेही तसेच; भिंत धरून मोजली की आकडा वाढतो. काकडी तिरपी कापली की चकती मोठी दिसते, तसा वाकड्या धमनीचा छेद तिरपा आला तरी आकडा फुगतो. शिवाय सी. टी.चे माप सोनोग्राफीपेक्षा बहुधा थोडे जास्तच येते. एकाच दिवशी दोघांनी मोजले तरी काही मिलिमीटरचा फरक पडतो. आणि एवढ्या फुगवट्याची वर्षाची वाढ बरेचदा २-३ मिलिमीटरच असते! म्हणून एका आकड्यावर हसू नये नि रडूही नये.

एवढे मात्र करा :

● सगळे रिपोर्ट आणि फिल्म तारखेप्रमाणे एका फायलीत लावा. आकडा सेंटिमीटरमध्ये आहे की मिलिमीटरमध्ये, तेही बघा.

● तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने करवा. जुने चित्र शेजारी ठेवून माप ताडून बघायला डॉक्टरांना सांगा.

● पुढची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या नि ती चुकवू नका. पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ सेंटिमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार करतात. वर्षात १ सेंटिमीटर वाढ दिसली, तर त्याआधीच शल्यविशारदाला दाखवावे.

● सिगरेट बंदच. तिने फुगवटा लवकर वाढतो नि फुटण्याचा धोकाही वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्या असतील तर त्या चुकवू देऊ नका.

आणि पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ आली, घेरी आली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. तडक मोठे इस्पितळ गाठा आणि ‘महाधमनीला फुगवटा आहे’ हे आधी सांगा.

यजमानांना म्हणावं, आकडा उतरला असेल. फुगवटा आहे तिथेच आहे.